बापदेवाचा अकरावा रिटेक

...आनि वर मलाच इचारतात, "चांगो, तू रडलास कशाला रं तवा?" आता याला काय उत्तर द्यायचं? तुमीच सांगा! तुमी शिकलेली मानसं, पुन्याहून कोंडाण्याची लेनी बघायला आलात, पाय भरून आले म्हनून आमच्या देवळाच्या पायरीवर टेकलात... बसा हो, बसा, तुमची गाडी संध्याकाळची, आत्ता कुठं ऊन कललंय. तुमाला सांगतो, सात वर्सं झाली त्या गोष्टीला, पन मी वाटंनं निघालो की पोरं अजून वरडतात, "चांगो गुरव, ॲक्शन!" पोरांचं सोडा, निम्मी तवा पाळन्यात होती. पन धाऊ पाटील? या गावचा पोलीस पाटील, साठी उलटलेला मानूस, तो बी मला बघितलं की तंबाखू थुंकतो आनि म्हनतो, "कट!" अरं, मी काय हौसेनं रडलो? सीनच तसा होता!

कोनता सीन? तेच तर सांगतोय.

हा आत बसलाय ना, लाल, शेंदराचा, याला आमी बापदेव म्हनतो. गावाचा बाप. आनि मी याचा गुरव. माजा बाप गुरव, त्याचा बाप गुरव, दिवाबत्ती आमची, पूजा आमची, आनि काय वाईट झालं तर गावच्या शिव्या खायच्या त्या बी आमीच. तुमी आता मान वाकडी करून बघताय, की याचं नाक कुठं, डोळे कुठं... नका बघू, नाय दिसायचे. दर चैत्री पुनवेला तेलशेंदराचा लेप चढतो, वर नवसाचे थर येगळेच! आत बाप बसलाय का उभा हाय, हसतोय का रागावलाय, कोनी बघितलं नाय. बघायचंच नसतं! पंचवीस-तीस वर्सांनी शेंदराची खोळ आपोआप सुटून पडते, मंग वाजंत्री लावून ती खोळ नदीत सोडायची, आनि नवा लेप चढंपर्यंत सगळ्या गावानं डोळे मिटायचे, गुरवानं बी. उघडा बाप कोनी बघतं का? बघितला तर डोळे जातात, असं आमचे म्हातारे सांगायचे. पयला लेप लावायचा मान वरच्या ठाकरवाडीच्या मंगळीबायच्या घरान्याचा. ती बी डोळे मिटूनच लावते, नुसत्या हातानं. मागं खोळ पडली तवा ती पंधरा-सोळाची पोर होती आनि मी लंगोटीत. तवा तिनंच लावला होता. एवढं ध्यानात ठेवा. मी नाय ठेवलं, तुमी तरी ठेवा.

तर त्या साली भात झोडून झालं, खळी रिकामी झाली, आनि एक दिवस गावात दोन जीपा शिरल्या. आमाला वाटलं, आले नसबंदीवाले! अर्धा गाव रानात! खरं सांगतो, दोन पोरांचे बाप पळाले ते पळाले, ज्याचं लगीन ठरलं नव्हतं तो सखा बी पळाला! मंग जीपमदनं लाऊडस्पीकर बोलला, "घाबरू नका, आम्ही सिनेमावाले," तवा कुठं एकेक मानूस झुडपातनं भायेर आला, धोतर झटकत, जसा काय सगळा गाव एकदमच परसाकडं गेला होता.

उतरला कोन? डायरेक्टरसाहेब! झब्बा, लेंगा, काळा चष्मा, खांद्याला झोळी. जीपच्या बॉनेटवर चढला आनि काय बोलला, अहाहा! "बंधूंनो! या देशाची हजार-हजार वर्षांची शिल्पं चोरून परदेशात विकली जातात! इंग्रजांनी नेली, आणि आता आपलेच करंटे नेतात! आमचा हा ऐतिहासिक चित्रपट म्हणजे त्या चोरांच्या थोबाडीत दिलेली चपराक आहे!" धाऊ पाटलाच्या डोळ्यांत पानी! बाया पदरानं नाक पुसतायत! त्या वक्ताला कोनी चोर समोर आला असता तर गावानं त्याला तिथंच ठेचला असता, तुमाला सांगतो. आनि चोर समोरच होता! बॉनेटच्या बाजूला, हातात टेप घेऊन. आर्टमास्तर म्हनायचे त्याला. बारकासा, दाढीवाला, बोलनं लोन्यावानी. भाषन चालू होतं तवा तो गुपचूप देवळात गेला आनि बापाच्या खोळीवर टिचकी मारून बघत होता, बाजारात कलिंगड बघतात ना, तसा. आनि मी काय केलं? मी त्याला बसायला घोंगडी टाकली.

सिनेमाची गोष्ट इंग्रजाच्या काळातली. एक गोरा साहेब गावोगावच्या मूर्ती विलायतेला विकत असतो. तो गावच्या गुरवाला चाबकानं फोडतो आनि त्याच्याच डोक्यावरनं देव बैलगाडीत चढवतो. मंग हिरो विलायतेला जातो, गाणी म्हनतो, देव परत आनतो. झालं! डायरेक्टरनं इचारलं, "इथला खरा गुरव कोण?" मी पुढं झालो. त्यानं माजी हनवटी धरून तोंड असं फिरवलं, तसं फिरवलं, बैल घेताना बघतात तसं, आनि वरडला, "वा! काय लाचार चेहरा आहे! असा चेहरा मुंबईत शोधून सापडत नाही!" मी खूश! मी म्हनालो, "साहेब, पडद्यावर माजं तोंड दिसंल ना?" तो म्हनाला, "दिसेल म्हणजे? पडदा भरून दिसेल!" घरी जाऊन बायकोला सांगितलं. गौराबाई भाकरी थापत होती, वर बघितलं बी नाय. "तुमचं तोंड? पडदा भरून? लोकं तिकिटं परत देतील." अशी बायको! दुसऱ्याची बायको असती तर नारळ फोडला असता.

पन अडलं कुठं, तर शेंदरावर. आर्टमास्तर बोलला, "हा लाल गोळा चालणार नाही. विलायतेला लाल गोळा कोण घेईल? आतली मूर्ती हवी. शेंदूर काढा." पाटील म्हनाला, "काढत नसतात साहेब. पडते, आपली आपन." डायरेक्टरनं चष्मा पुसला. "हरकत नाही, मग नदीपलीकडच्या गावात बघतो. वाईट एवढंच वाटतं, की तुम्हा सगळ्यांना सिनेमात घेणार होतो. पाटलांना तर डायलॉग होता."

मेला तिथं गाव! डायलॉग! पाटील रातोरात बदलला, मिशीला तेल लावून सकाळी पारावर आला आनि म्हनाला, "खोळ काढायची नाय, मान्य. पन पडली तर आपन काय करनार?" आनि कशी पडायची? तर देवळात बापाच्या तिन्ही बाजूंनी निखाऱ्याच्या शेगड्या लावल्या! तुमी हसता, पन लावल्या! मी वारा घालत होतो! मंगळीबाय डोंगरावरनं लाकडाची मोळी घेऊन उतरली, तिनं बघितलं आनि दारात मोळी टाकली. "बापाला शेकताय काय रं?" पाटील म्हनाला, "थंडी लय हाय गं यंदा." दुपारपतुर तेल सुटलं, शेंदूर मऊ झाला, आनि थपाक! पडली खोळ. आपोआप! गावानं डोळे मिटले, वाजंत्री लावून खोळ नदीत सोडली, हात जोडले, आनि गुलाल उधळला. मंगळीबाय शेंदराचं ताट घेऊन आली, तर आर्टमास्तर म्हनतो कसा, "आजी, आत्ता नको, शूटिंग झाल्यावर." आजी! चाळिशीची बाई! ती म्हनाली, "बापाला उघडा ठेवू नका, लाज वाटती त्याला." कोनी ऐकलं? डोळे मिटलेले, कान बी मिटलेले.

मंग चार दिवस शूटिंग. चार दिवस बाप उघडा, आनि चार दिवस आख्खा गाव देवळाकडं पाठ करून नायतर डोळे मिटून. काय ती तारांबळ! धोंडूबाई केबलीत पाय अडकून पडली, जैतू डोळे मिटून चालता चालता कॅमेऱ्याला नमस्कार करून आला. आनि डायरेक्टर आपला टाळ्या वाजवतोय, "अहाहा! मिटलेले डोळे! काय ही श्रद्धा! हे शिकवून येत नाही!" वरच्या ठाकरांना तर त्यांनी डोक्याला कोंबड्याची पिसं लावून तोंडाला कोळसा फासला, का, तर पब्लिकला आदिवासी कळायला पायजेत. ज्याची कोंबडी सोलली तो ठाकर बिचारा आपल्याच कोंबडीची पिसं घालून नाचत होता. सीनच तसा होता, म्हने!

आनि आला माजा सीन. देव पाटावर, पाट माज्या डोक्यावर, देवळापासनं बैलगाडीपतुर तीस पावलं. मागनं गोरा साहेब चाबूक मारनार. साहेब म्हंजे काय, माहीमचा एक घाऱ्या डोळ्यांचा मानूस, तोंडाला पांढरा रंग. त्या पाटावर बाप कसला, मनभर दगुड! मानेत नुसता कडाका. डोळे मिटून चालायचं, वरनं रडायचं. पयला रिटेक कशानं झाला? मी हसलो. कॅमेरा बघितला की हसू येतं हो मानसाला! दुसऱ्याला बैलानं शेन टाकलं. तिसऱ्याला पाटील डायलॉग इसरला. डायलॉग केवढा? "साहेब, दया करा." तीन शब्द! हा म्हनाला, "साहेब, या, बसा." सवय! तलाठ्यामागं फिरून जनम गेला, दुसरं काय येनार तोंडात? चौथ्याला पाटील पुन्ना. पाचव्याला चाबूक नीट लागला नाय. सहाव्याला नीट लागला, पन मी त्याची आयमाय काढली, ती इंग्रजांच्या काळात चालत नव्हती म्हने. सातव्याला साहेबाचा गोरा रंग घामानं गळ्यावर उतरला. आठ, नऊ, धा... पाठीवर वळ उठले, मान आत गेली, डायरेक्टर इचारतो, "चांगोजी, लागतंय का?" मी म्हनालो, "व्हय साहेब, लय लागतंय." तो म्हनाला, "छान! तेच चेहऱ्यावर आणा!" आनि माजा गाव, माजी सोयरीधायरी, त्या वळांना हसत होती, तुमाला सांगतो! गौराबाई सुद्धा! डोळे मिटून हसत होती!

धाव्यानंतर डायरेक्टर माज्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला. "चांगोजी, एकच करा. समजा, देव खरंच चाललाय. कायमचा. पुन्हा दिसणार नाही." आनि लंचब्रेक!

पुरीभाजी, बुंदी. चार दिवसांत पयल्यांदा आमी डोळे उघडले, ते पत्रावळीवर. देवळाकडं सगळ्यांची पाठ. आर्टमास्तरचा टेंपो मदीच चालू झाला, कर्जतला बल्ब आनायला चाललाय म्हने. मी हात हालवला, "सावकाश जावा, वळनावर खड्डा हाय!" हां, हां, मीच सांगितलं खड्ड्याचं. बापाला धक्का बसू नये म्हनून असंल. बुंदी गोड होती, पुन्ना वाढून घेतली.

जेवून उठलो, डोळे मिटले, मान खाली घातली, पाट डोक्यावर आला... आनि काय सांगू! हलका! फूल! मनभर बाप, परडीएवढा! मला वाटलं, बापानं बघितलं. माजी पाठ बघितली, मान बघितली, आनि माज्यासाठी हलका झाला. सात पिढ्यांत कोना गुरवासाठी झाला नाय, तो चांगोसाठी झाला! मंग काय, फुटलाच बांध. मी जो रडलो, जो रडलो, "बापा, नको रं जाऊ, नको रं जाऊ" करत रडलो, की चाबूकवाल्याचा हात थांबला, पाटलानं बरोबर म्हटलं "साहेब, दया करा," बाया हंबरडा फोडून रडल्या. डायरेक्टर वरडला, "कट! ओके! सोनं! सोनं!" सगळ्या कंपनीनं टाळ्या वाजवल्या. मी आर्टमास्तरचे पाय धरले... टेंपो गेला होता, मास्तर इथंच होता. मी म्हनालो, "मास्तर, देव हलका झाला हो!" आनि तो माज्या डोळ्यांत बघून काय म्हनाला? "भक्ती असली की होतो."

एवढा थंड! पापनी हालली नाय. आता तुमी म्हनाल, चांगो, तुला तवाच कळायला पायजे होतं. अहो, कसं कळनार? सीनच तसा होता!

आनि शेंदूर? शेंदूर बी मास्तरनंच लावला. म्हनाला, "तुम्ही डोळे मिटून कशाला त्रास घेता? मी बाहेरचा, मला दोष नाही." केवढे उपकार! गावानं त्याला टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला. कुंकवाचा टिळा मी लावला. मंगळीबाय ताट घेऊन दोन घंटे उन्हात उभी होती, तिला सांगितलं, "झालं गं काम, जा तू." ती ताट घेऊन गेली तशी गेली.

चैत्री पुनवेला धाऊ पाटील नवस घेऊन आला. काय नवस? सिनेमा यावा आनि त्यातले आपले तीन शब्द कापू नयेत. वाजतगाजत आला, नारळ वर उचलला आनि बापाच्या पायाशी जो आपटला... नारळ शाबूत! बापाचा पाय तुटला! गुडघ्यापास्नं! आनि आतनं काय निघालं? काथ्या! प्लास्टर आनि काथ्या! गाव बघतोय, मी बघतोय, वाजंत्रीवाला तेवढा वाजवतोय, त्याला मागं दिसत नव्हतं.

मंग सगळे कोनाकडं वळले? मास्तर मुंबईला, कंपनीचा पत्ता कोनाला ठाव नाय. वळले माज्याकडं. "तुज्या डोक्यावर होता ना? वजन कळलं नाय तुला?" मी म्हनालो, "कळलं. मला वाटलं प्रसन्न झाला." त्यावर जे हसले, जे हसले... आनि हसून झाल्यावर पाटलानं माज्या कानफटात मारली. मला वाळीत टाकलं. पन पूजा कोन करनार? मंग असं ठरलं, की वाळीत टाकायचं, पन सकाळ-संध्याकाळ पूजेला बोलवायचं. कशाची पूजा? त्या काथ्याची! पाय मातीनं चिकटवून! दोन वर्सं मी काथ्याला फुलं घातली.

पोलिसात गेलो. हवालदारानं इचारलं, "मूर्तीचं वर्णन?" पाटील म्हनाला, "लाल." "आतून?" "बघितली नाय." "चोरी होताना कोणी बघितलं?" पाटील म्हनाला, "साहेब, सगळा गाव हजर होता." हवालदार ताठ बसला, "मग सांगा की!" "साहेब, डोळे मिटून हजर होता." हवालदारानं पेनाला टोपन लावलं.

दोन वर्सांनी निरोप आला. मुंबईच्या बंदरावर पेट्या पकडल्या, विलायतेला चालल्या होत्या, आत मूर्ती. टेंपोवाल्यानं आमच्या गावचं नाव घेतलं, म्हंजे बाप तिथंच! मी आनि पाटील गेलो. गोडावनात इन्स्पेक्टर म्हनाले, "या मापाच्या तीन आहेत. तुमची ओळखा आणि घेऊन जा." आनि आमी दोघं दारात डोळे मिटून उभे! "अहो, डोळे उघडा!" "उघडा बाप बघत नाय साहेब." "मग ओळखणार कसे?" मी म्हनालो, "साहेब, एकेक डोक्यावर द्या, वजनावरनं सांगतो." ते भडकले. "हा काय कांद्याचा बाजार आहे? जप्तीचा माल आहे! फोटो आणा, नाहीतर... अरे, तुमच्या देवाचा सिनेमा निघालाय ना? तो बघा, नीट बघा, आणि येऊन बोट दाखवा. आठ दिवस देतो. मग ज्याचा पुरावा येईल त्याला देणार."

आनि सिनेमा त्याच आठवड्यात कर्जतला लागलेला! आता कोनीतरी डोळे उघडे ठेवून बघायला पायजे. कोन? गावात सभा बसली. तुमाला सांगतो, गटारावरनं धा वर्सं भांडनारा गाव, पन या एका गोष्टीवर एकमत! "चांगो बघंल." मी म्हनालो, "अरं, माजे डोळे जातील!" पाटील म्हनाला, "असून तरी काय उपयोग झाला रं?"

तुमी कदी डोळे जायचे म्हनून चार दिवस जगलाय? मी जगलोय. सगळं बघून घेत होतो. नदी बघितली, राजमाचीचा डोंगर बघितला, शेजाऱ्याची म्हस सुद्धा नीट बघितली. एक दिवस गौराबाईकडं बघत बसलो. बारा वर्सं झाली लग्नाला, आनि तिच्या डाव्या भिवईत जखमेचा वण हाय ते मला तवा कळलं. ती खेकसली, "काय बघताय असं?" मी म्हनालो, "बघून ठेवतोय." तिनं तुपाची बरनी काढली. ताटात तूप वाढलं. बारा वर्सांत पयल्यांदा.

तीनचा खेळ. सगळा गाव थेटरात, चपला भायेर काढून! डोअरकीपर येडा व्हायची पाळी. मी मदल्या खुर्चीवर, हातात नारळ. सिनेमा सुरू झाला. पिसंवाले ठाकर आले, हसले लोक. पाटलाचे तीन शब्द... कापले होते! तेवढाच गारवा वाटला मला. आनि आलं आमचं देऊळ. आमच्या गावच्या साठ मानसांनी एकदम डोळे मिटले. मी एकट्यानं उघडे ठेवले. मनात म्हनालो, बापा, घे डोळे, पन दिस एकदा.

आनि पडद्यावर कोन आलं?

मी!

नुसता मी! पडदा भरून माजं तोंड! कपाळापास्नं हनवटीपतुर! नाकातले केस दिसत होते, शेंबूड दिसत होता, डोळे घट्ट मिटलेले, "बापा, नको रं जाऊ, नको रं जाऊ!" आनि माज्या डोक्यावर काय? पाटाची एक कड. त्याच्या वर थेटराचं छप्पर! डायरेक्टरनं शब्द पाळला हो, पडदा भरून दाखवलं! पब्लिक रडत होतं माज्याकडं बघून. आनि पुढं विलायतेला जो देव दाखवला तो भलताच, गनपती! हिरो गनपती घेऊन परत आला! पब्लिकला ओळखीचा देव पायजे ना! माजा बाप सबंध सिनेमात नव्हता. जिथं असायला पायजे होता तिथं मी होतो.

आनि अंधारात माज्या आजूबाजूला डोळे मिटलेली साठ मानसं कुजबुजतायत, "चांगो, दिसला काय रं? बाप दिसला काय?" गौराबाईनं माजा हात धरलेला, घट्ट. तुमी काय केलं असतं?

मी म्हनालो, "दिसला."

काय करनार? सीनच तसा होता!

मंग गेलो गोडावनात, डोळे उघडून. आता लपवायचं काय? तिन्ही बघितले. एक बसलेला, एक उभा, एक नुसता हसत होता. मी मदल्यावर बोट ठेवलं. का? तो माज्याकडं बघतोय असं वाटलं. इन्स्पेक्टरनी सही घेतली, बाकीचे दोन दुसऱ्याच कुठल्या गावांना गेले. वाजतगाजत आनला, गावानं डोळे मिटले, मंगळीबाय आली शेंदूर घेऊन. आत आमी दोघंच. तिनं डोळे मिटून हात लावला. खांद्यावर हात फिरवला, पाठीवर फिरवला... आनि थांबली. हळूच म्हनाली, "चांगो, हा आपला न्हवं."

मी दार लोटून घेतलं.

"आपल्या बापाच्या डाव्या खांद्याला खळगा हाय, माज्या आंगठ्याएवढा. मीच तर लेप लावलेला." मी म्हनालो, "मंग तू आदी का नाय बोललीस?" ती म्हनाली, "मला कोनी नेलं? नेलं असतं तर हातानं सांगितलं असतं. डोळे कशाला लागतात त्याला? कोनी इचारलंच नाय."

कोनी इचारलंच नाय हो! पाटलाला नेलं, मला नेलं, थेटरात साठ मानसं नेली. डोंगरावरची बाई कोनाच्या ध्यानात नाय!

मी तिच्या पायावर डोकं ठेवनार, तर ती म्हनाली, "सर बाजूला. बाप हाय, कुनाचा तरी हाय. उघडा कशाला ठिवायचा?" आनि लावला तिनं शेंदूर. चार वर्सं झाली, कोनाला बोलली नाय. मी बी आज तुमाला सांगतोय, का, तर तुमी संध्याकाळच्या गाडीनं जानार. आमचा बाप कुठल्यातरी दुसऱ्या गावात दुसऱ्यांच्या हातचा शेंदूर खातोय, आनि त्या लोकांचा बाप मी इथं सांभाळतोय.

आनि माजे डोळे? शाबूत! गाव म्हनतं, बापानं चांगोला माफ केलं. आता मात्र नारळ माज्या हातानं फोडून घेतात. पन मला झोप लागत नाय. मी तिघांना बघितलं, उघड्या डोळ्यांनी, आमचा त्यातलाच असनार. मंग डोळे गेले कसे नाय? म्हंजे बाप डोळे घेतच नव्हता? मंग इतक्या पिढ्या आमी मिटले कशाला? त्या दिवशी बुंदी खाताना एकानं, एकानं जरी मागं वळून बघितलं असतं...

जाऊ द्या. काय म्हनता? फोटू? काढा की! माजा आनि देवाचा, दोघांचा? नको... थांबा जरा. मी सरकतो बाजूला. आता दिसतोय का तो? नीट बघा हां, डोळे उघडून बघा. माजं तोंड मदी येत नाय ना? हां. मंग काढा.